ऐकणारा उद्या स्टँडवर भेटणार आहे

पॉडकास्ट कसा वाढवावा याचे जे सल्ले सगळीकडे मिळतात, ते बहुतेक अशा माणसासाठी दिलेले असतात ज्याला त्याचा श्रोता कधी भेटणारच नाही. मोठा पाहुणा आणा, मथळ्यात भांडण ठेवा, रील कापा, आठवड्याला दोन भाग सोडा. पुण्या-मुंबईत ते चालतही असेल. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात बसून पॉडकास्ट करणाऱ्याचं तसं नाही. इथं रात्री तुमचा भाग ऐकलेला माणूस सकाळी स्टँडवर भेटतो, पतसंस्थेच्या रांगेत भेटतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतो आणि विचारतो, "काय ओ, चिटबॉयला एवढंच विचारलं व्हय? खरं विचारायचं ते राहिलंच की." (चिटबॉय म्हणजे ऊसतोडणीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस.)

सुरुवातीला हा जाच वाटेल. पण तालुक्याच्या पातळीवरच्या स्वतंत्र पॉडकास्टचं भांडवल हेच आहे. बनावट सूर इथं दोन भागांत उघडा पडतो, आणि 'तो पोरगा खरं विचारतो' ही बातमीही तेवढ्याच वेगानं फिरते. म्हणून श्रोता लांबवर शोधत जाण्याआधी जवळच्याला धरा. नातेपुते, पिलीव, वेळापूर, अकलूज, माळीनगर किंवा खुद्द माळशिरसात राहून, शेती-नोकरी सांभाळून, पदरमोड करून पॉडकास्ट करू पाहणाऱ्यांसाठी पुढचं सगळं आहे.

आधी घाट ओलांडून या

पिलीवचा घाट ओलांडला की म्हसवड. चेतना गाला सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनची 'माणदेशी तरंग वाहिनी' तिथं २००८ पासून ९०.४ वर चालते. ही कम्युनिटी रेडिओ वाहिनी आहे. पॉडकास्ट शब्द इथं कुणाच्या कानावर पडायच्या आधीपासून माणदेशातल्या बायाबापड्यांचा आवाज, त्यांच्याच बोलीत, माणदेशातच ऐकू येतो आहे. नवख्यानं बाकीचं नंतर करावं, आधी म्हसवडला जाऊन तासभर ऐकत बसावं. बोलणारा आणि ऐकणारा एकाच पाण्याच्या टंचाईतून गेलेले असले की समजावून सांगण्यात किती वेळ वाचतो, ते तिथं कळतं. 'दुष्काळ म्हणजे काय' हे तिथं कुणी कुणाला सांगत नाही, थेट चाऱ्याचा विषय निघतो.

त्या रेडिओला दोन मर्यादा आहेत. लहरी आसपासच्या गावांपलीकडे पोचत नाहीत. शिवाय कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. द्यायच्याच असतील तर आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावावी लागतात. पॉडकास्टला परवाना लागत नाही, हद्द नाही, आणि तालुक्यातल्या कुठल्याही प्रश्नावर बोलायला आडकाठी नाही. इतकी मोकळीक मिळाल्यावर माणसं करतात काय, तर 'यशस्वी उद्योजकाचा प्रेरणादायी प्रवास'. असे प्रवास मराठीत आता इतके झालेत की मुक्कामाला कुणी पोचलं नसेल तर आश्चर्य.

मराठीत चांगलं काम नाही असं नाही. सौमित्र पोटे यांचं 'मित्रम्हणे', ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांचं 'अमुक तमुक', विनायक पाचलग यांची 'थिंक बँक' यांनी तास-तासभराच्या गप्पांना श्रोता मिळवून दिला. ते जरूर ऐका. प्रश्न कसा विचारतात, पाहुणा अडखळला तर किती थांबतात, ते बघा. फक्त त्यांचा साचा उचलू नका. तो शहरातल्या स्टुडिओचा आणि नावाजलेल्या पाहुण्यांचा आहे. तुमच्याकडे स्टुडिओही नाही आणि पाहुणाही नाही, पण त्यांच्याकडे नसलेला एक अख्खा तालुका आहे.

विषय पायाखाली आहे

माळशिरस तालुक्याचे सरळ दोन भाग पडतात. उत्तरेला नीरा नदी आणि नीरा उजवा कालवा: ऊस, केळी, कारखाने. दक्षिणेला पिलीवकडची कोरडी पट्टी: मेंढरं, डाळिंब, टँकरची वाट. एकाच तालुक्यातल्या दोन गावांना एकमेकांचं दुःख ठाऊक नसतं, त्यामुळे पहिल्या वर्षाचे विषय शोधायला लांब जावं लागत नाही. कालव्याचं आवर्तन सुटल्यावर शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत पाणी किती दिवसांनी येतं आणि मधे कुठं मुरतं? माळीनगरला दि सासवड माळी शुगर फॅक्टरी १९३२ साली उभी राहिली ती सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन. त्यांच्या नातवंडांकडे आज त्या स्थलांतराच्या कोणत्या आठवणी उरल्यात? अकलूजच्या लावणी स्पर्धेत ज्या वर्षानुवर्षे नाचल्या, त्यांचे ढोलकीवाले, पेटीवाले उरलेलं वर्ष कसं काढतात?

एक विषय मी अगदी आग्रहानं सुचवेन: उसाची पट्टी, म्हणजे कारखान्याकडून येणारं उसाचं बिल, कशी वाचायची. ऐकायला कोरडं वाटतं, पण जो भाग माणूस स्वतः ऐकून भावाला, मेव्हण्याला, वाटेकऱ्याला पाठवतो तो असा असतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली क्विंटलला ३५५ रुपये, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. म्हणजे टनाला ३,५५०. मग खात्यावर ३,५५० का दिसत नाहीत? कारण तोडणी-वाहतूक वजा होते, आणि प्रत्येक कारखान्याचा उतारा वेगळा. पैसे १४ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. हे किती जणांना माहीत आहे? एक शेतकरी घ्या, त्याची खरी पट्टी त्याच्या हातात द्या, आणि एकेक ओळ त्यालाच वाचायला लावा. अडेल तिथं थांबा. त्याचं ते थांबणं ऐकताना हजार शेतकऱ्यांना आपणही तिथंच अडतो हे कळेल. मग दुसऱ्या भागात कारखान्याच्या शेती विभागातल्या माणसाला तेच आकडे विचारा. त्यानं उत्तर दिलं तर उत्तम, नाही दिलं तर 'विचारलं, उत्तर आलं नाही' एवढंच सांगा. त्यावर आपलं भाष्य जोडू नका.

आषाढीचंही तसंच. माउलींची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात येते, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम होतात, पुरंदवडे आणि खुडूसला गोल रिंगण होतं. तुकोबांची पालखी सराटीकडून नीरा ओलांडून अकलूजला येते, माळीनगरला उभं रिंगण होतं. त्या दिवसांत तालुक्यात जितके वारकरी तितकेच कॅमेरे असतात. तुम्ही त्यांच्यात आणखी एक माइक घेऊन घुसलात तर कुणाच्या कानापर्यंत पोचणार? त्यापेक्षा पालखी पुढं गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडा. मैदान झाडणारे सफाई कामगार, रात्रभर टँकर भरणारा माणूस, दोन दिवसांत महिन्याचा धंदा केलेला चहावाला, आणि पालखी मार्गाच्या रुंदीकरणात ज्याचं दुकान मागं सरकलं तो. हे सगळे दमलेले असतात, मोकळे असतात आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

बाहेरच्या माध्यमांनी या तालुक्याकडे कधी पाहिलंच नाही असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी विधानसभेच्या निकालावर शंका घेऊन मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनानं जमावबंदी लावली, आणि चार दिवस सगळ्या देशाचे कॅमेरे त्या एका गावात होते. नंतर गेले. एवढं होऊन गेल्यावर त्या गावात शेजारी-शेजारी कसे बोलतात, सोसायटीच्या निवडणुकीत काय होतं, ज्यांच्यावर गुन्हे दाखल झाले त्यांना तारखांना जावं लागतं का, हे वर्षानं जाऊन विचारणारा माणूस तालुक्यातलाच असू शकतो. मोठ्या वाहिनीला ते परवडत नाही. तुम्हाला परवडतं, कारण तिथं तुमची मावशी राहते.

गावरानपणाचा मुखवटा

अस्सल राहा म्हटलं की काही जण लगेच ग्रामीण होतात. घरी बरं बोलणारा मुलगा माइक समोर आला की 'राम राम मंडळी, म्या तुमचा लाडका' असं मालिकेतलं बोलायला लागतो. हे प्रमाणभाषेच्या सोंगापेक्षा वाईट. तालुक्यातला श्रोता हसतो, आणि ते हसू कौतुकाचं नसतं. तुम्ही मित्राशी फोनवर जसं बोलता तसं बोला. त्यात 'आलतो', 'लय', 'व्हय' येईल तिथं येऊ द्या. शिकताना अंगवळणी पडलेली पुस्तकी वाक्यंही येतील, तीही येऊ द्या. कृषी पदवीधर 'ठिबक' म्हणतो, त्याचा बाप 'नळ्या' म्हणतो. दोघंही खरंच बोलतायत. पाहुण्याला दुरुस्त करू नका आणि त्याची बोली संकलनात कापून गुळगुळीत करू नका. पुण्यातल्या श्रोत्याला एखादा शब्द अडेल असं वाटलं तर पुढच्या प्रश्नात सहज उलगडा: 'वाढं म्हणजे उसाचे शेंडे, ते तुम्ही जनावरांना घालता की विकता?'

तीस सेकंदांची सुरावट, स्वतःची ओळख, 'लाइक करा, शेअर करा', मग पाहुण्याची ओळख, मग 'सर, तुमचं स्वागत आहे'. एवढं होईतो बांधावरचा माणूस फोन खिशात टाकून मोटर चालू करायला गेलेला असतो. पहिलं वाक्य पाहुण्याचं ठेवा, सगळ्यात चांगलं असेल ते. तुमचं नाव नंतर सांगितलं तरी चालतं.

प्रश्न विचारण्याची जागा

इथं जरा थांबू, कारण माइक आणि ॲप यांपेक्षा पॉडकास्ट इथं बनतो किंवा बिघडतो. समजा तुम्हाला ऊसतोड मजुरांवर भाग करायचा आहे. हंगामात बीडकडून आलेल्या टोळ्या तालुक्यात सगळीकडे असतात. बहुतेक जण फडात जातात, कोयता चालू असताना माइक पुढं धरतात आणि विचारतात, 'तुमच्या समस्या काय आहेत?' बाई म्हणते, 'काय सांगायचं, हाय तेच हाय.' मुलाखत संपली.

फडात जाऊ नका. मोळ्या बांधून झाल्या आणि गाडी यायची वाट बघत टोळी बसली की त्या वेळी जा, किंवा संध्याकाळी त्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर. मुकादम जवळ असताना विचारू नका. त्याच्यासमोर उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा, विषय कुणी काढणार नाही. आधी माइक न काढता बसा. मग विचारायचं ते मोजता येणारं, हाताला लागणारं विचारा. पहाटे किती वाजता उठलात? भाकरी आधी थापता की पाणी आधी आणता, आणि ते कुठनं आणता? पोरं कुणाजवळ ठेवून आलात? यंदा कोयत्याला उचल किती मिळाली, त्यातली गावाकडं किती ठेवली? वाढ्याचे पैसे कुणाच्या हातात येतात, तुमच्या की मालकाच्या? या शेवटच्या प्रश्नावर नवरा-बायको एकमेकांकडे बघतात, आणि तिथून पुढं तुम्हाला फारसं विचारावं लागत नाही. इथं एक भान ठेवा: 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हिशोब जोडीचा होतो. तुम्ही एकट्या पुरुषाशी बोलून परत आलात तर अर्धी मुलाखत घेऊन आलात.

रेकॉर्डिंग बंद केल्यावर माणसं सगळ्यात मोकळं बोलतात, हा सगळ्यांचा अनुभव. त्या वेळी गुपचूप फोन चालू ठेवणारे आहेत. ते करू नका. 'हे फार महत्त्वाचं बोललात, पुन्हा चालू करू का?' असं विचारा. दहातले सहा हो म्हणतील, चार जणांचं तुमच्यापाशी राहील, आणि ते चार जण पुढच्या वर्षी दुसऱ्या दहांकडे तुम्हाला घेऊन जातील.

संमती कागदावर घ्यायचीच असं नाही, आवाजात घ्या. सुरुवातीलाच माणसानं नाव, गाव सांगावं आणि 'हे लोक ऐकतील हे मला माहीत आहे' असं त्याच्या शब्दांत म्हणावं. याचा आदर्श मराठीतच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. आज त्या पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संग्रहात आहेत. ओवी कुणी गायली, ती बाई कुठल्या गावची, हे तिथं नोंदवलेलं सापडतं. 'एका ग्रामीण महिलेनं गायलेली' एवढ्यावर भागवलेलं नाही. तुमच्या भागाच्या वर्णनातही बोलणाऱ्याचं पूर्ण नाव आणि गाव पहिल्या ओळीत असू द्या, तुमचं शेवटच्या. अपवाद एकच: नाव आल्यानं ज्याची मजुरी, घर किंवा जीव अडचणीत येईल त्याचं नाव गाळा. तेव्हा गावही गाळा, कारण इथं गाव सांगितलं की माणूस ओळखू येतो.

आवाज

यावर लोक फार खर्च करतात. गरज नसते. हजार रुपयांच्या आसपासचा कॉलरला लावायचा तारेचा माइक आणि हातातला फोन पुरतो. संकलनाला संगणकावर ऑडॅसिटी फुकट आहे. फोन विमान मोडवर टाका. माइक तोंडापासून वीतभर खाली आणि जरा बाजूला लावा, म्हणजे प, फ, भ फुटत नाहीत. पत्र्याची खोली टाळा, त्यात आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. सगळ्यात चांगला स्टुडिओ म्हणजे गाद्या-गोधड्यांचा ढीग असलेली मधली खोली. फ्रिजचं बटण बंद करायचं आणि जाताना आठवणीनं चालू करायचं, नाहीतर यजमानीणबाई पुढच्या वेळी दार उघडायच्या नाहीत. बोलणं सुरू होण्याआधी अर्धं मिनिट कुणी न बोलता नुसतं नोंदवा. संकलनात कापलेल्या जागा बुजवायला तीच शांतता लागते.

हंगामात पालखी महामार्गालगत नोंदवायला बसलात तर गाणी लावलेले ट्रॅक्टर जाणारच. वाक्याच्या मधे ट्रॅक्टर आला तर थांबा, जाऊ द्या, आणि 'मघाचं पुन्हा सांगा' म्हणा. शब्द झाकणारा आवाज काढायचा. जागा सांगणारा ठेवायचा. मेंढरांच्या घंटा, मोटरचा हुंकार, भाकरी थापल्याचा आवाज यांनी बोलणं बुडत नसेल तर साफ करण्याची हौस आवरा.

गाणं मात्र उचलून लावू नका. 'दहा सेकंद चालतं' ही अफवा आहे, कायद्यात अशी सूट नाही. कीर्तनकाराचं कीर्तन किंवा तमाशातली गण-गवळण नोंदवली तर सादर करणाऱ्याचाही हक्क असतो, त्यामुळे त्यांना विचारा. सुरावट हवीच असेल तर गावातल्या हलगीवाल्याला मानधन देऊन एक मिनिट वाजवून घ्या. ती तुमचीच राहील आणि दुसऱ्या कुणाची नसेल.

पोचवायचं कसं

पॉडकास्ट हा शब्द इंग्लंडातले पत्रकार बेन हॅमर्सली यांनी २००४ मध्ये 'गार्डियन'मध्ये वापरला तेव्हाही त्यामागचं यंत्र साधं होतं आणि आजही आहे: तुमच्या सगळ्या भागांची यादी असलेला एक पत्ता, ज्याला फीड म्हणतात. स्पॉटिफाय, ॲपल वगैरे तो पत्ता वाचतात आणि भाग दाखवतात. स्वतंत्र असण्याचा तांत्रिक अर्थ इतकाच की तो पत्ता तुमच्या ताब्यात हवा. फुकट होस्टिंग घ्या, पण उद्या फीड दुसरीकडे वळवता येतो का हे आधी बघा. गूगल पॉडकास्ट २०२४ मध्ये बंद झालं. ज्यांचा फीड स्वतःकडे होता त्यांचं काम थांबलं नाही. नोंदणीला स्वतःचा ईमेल वापरा, पुतण्याचा नको. पुतण्या पुण्याला जातो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर.

तरीही खरं सांगायचं तर तालुक्यातला श्रोता फीड उघडणार नाही. तो यूट्यूबवर आणि व्हॉट्सॲपवर आहे. वीस मिनिटांचा भाग ६४ केबीपीएस मोनोमध्ये काढला तर फाइल साधारण १० एमबीची होते, रेंज कमी असली तरी उतरते. ग्रुपवर अख्खा भाग टाकू नका. मिनिटभराचा तुकडा टाका, ज्यात कुणीतरी काहीतरी नेमकं बोललंय, आणि खाली दुवा. सगळ्या ग्रुपवर एकाच वेळी टाकलात की लोक 'हा रोज काहीतरी टाकतो' म्हणून बघायचं सोडतात. पट्टीचा भाग सभासदांच्या ग्रुपवर, मेंढपाळांचा पिलीवकडच्या, जुन्या शाळेचा माजी विद्यार्थ्यांच्या. आणि प्रत्येक भाग आधी, प्रसिद्ध होण्यापूर्वी, जो बोललाय त्याच्या घरी. घरच्यांनी तो पुढं पाठवला तर त्याचा जोर तुमच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त.

दुसरा मोठा श्रोता तालुक्याबाहेर आहे: हडपसर, पिंपरी-चिंचवड, मुंबई, आणि आता परदेशातही. गावाकडचा आवाज ऐकायला तो आसुसलेला असतो, हे खरं. पण त्याच्यासाठी भाग करायला लागलात की हळूहळू आठवणींची दुकानदारी सुरू होते: मातीचा वास, आजीची चूल, हरवलेलं गावपण. गावात राहणाऱ्याला त्यात रस नाही, त्याला विजेची डीपी कधी बदलणार ते हवंय. भाग गावासाठी करा; बाहेरचा माणूस तो कान लावून ऐकेल, कारण त्यालाही डीपीचीच काळजी आहे, त्याची आई तिथं आहे.

किती वेळानं भाग सोडायचा? पंधरा दिवसांनी एक, ठरल्या वारी. आठवड्याला एक जमत असेल तर उत्तम, पण लग्नसराई, लागवड, आजारपण धरून हिशोब करा. वर्षाला दोन हंगाम ठेवा, मधे सुट्टी सांगून घ्या. न सांगता गायब होणाऱ्याकडे लोक परत येत नाहीत.

आकडा बघायचाच असेल तर व्ह्यूज सोडा, किती जण शेवटपर्यंत थांबले ते बघा. तीनशे जणांनी वीस मिनिटांचा भाग पूर्ण ऐकला तर शंभर तास होतात. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा मिळायला वर्षात ४,००० तास आणि १,००० सदस्य लागतात; म्हणजे असे चाळीस भाग. पंधरा दिवसांनी एक सोडून ते वर्षात भरणार नाहीत; आठवड्याला एक सोडला तर जमेल, पण त्यातून येणाऱ्या पैशात घर चालवायचा विचार करू नका.

पैसा आणि गट

मग पैसे कुठून? कृषी सेवा केंद्र, रोपवाटिका, क्लास, पतसंस्था, कारखाना. या तालुक्यात संस्था म्हटली की गट आला, हे कुणी कुणाला समजवायची गरज नाही. एका भागापुरता प्रायोजक घेतलात तरी ऐकणारा 'हा कुणाच्या गाडीत बसला' ते ठरवून मोकळा होतो. त्यामुळे माझं मत रोखठोक आहे: निवडणूक लढवणाऱ्या माणसाचे, त्याच्या घरातल्या संस्थेचे आणि ज्यावर तुम्ही भाग करणार आहात त्या कारखान्याचे पैसे घेऊ नका. लहान दुकानदारांकडून लहान रकमा घ्या, एकाऐवजी पाच जणांकडून. पैसे कुणी दिले ते भागात तोंडानं सांगा. पैसे घेऊन केलेली शिफारस जाहिरात म्हणून स्पष्ट सांगायला हवी, हा जाहिरात मानक परिषदेचा २०२१ पासूनचा नियमही आहे. श्रोत्यांकडून यूपीआयवर वर्गणी घेत असाल तर वर्षाअखेर जमा-खर्च एका भागात वाचून दाखवा. ग्रामसभेत लोक जे मागतात ते स्वतःहून दिलेलं बरं.

दोन्ही गटांची माणसं तुमच्यासमोर बसतात की नाही, ही स्वतंत्रपणाची साधी परीक्षा. एका बाजूनं येणं बंद केलं तर का ते जाऊन विचारा. प्रत्येक भागात तराजू सारखा धरायची गरज नाही. पण वर्षभराची यादी काढली की कोण किती वेळा बोललं ते दिसतं, आणि ती यादी तुमच्याआधी गावानं काढलेली असते.

आरोपाच्या बाबतीत हात राखून. 'सगळ्यांना माहीत आहे' हा पुरावा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रुनुकसानीचा गुन्हा आवाजातल्या बोलण्यालाही लागू होतो, आणि पाहुणा बोलला तरी प्रसिद्ध तुम्ही केलेलं असतं. ज्याच्यावर आरोप आहे त्याला प्रसिद्धीआधी फोन करा, तारीख-वेळ लिहून ठेवा, त्याचं म्हणणं त्याच भागात लावा. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची किंवा कुठल्याही बालकाची ओळख पटेल असं काही, नातेवाइकांनी आग्रह केला तरी, सोडायचं नाही.

चुका होतील. आकडा चुकेल, एखाद्याच्या वडिलांचं नाव चुकेल. तेव्हा वर्णनात बारीक अक्षरात दुरुस्ती लिहून मोकळं होऊ नका, ते वर्णन कुणी वाचत नाही. पुढच्या भागाच्या पहिल्या मिनिटात सांगा, जुन्या भागातलं वाक्य कापून नव्यानं घाला, आणि ज्याचं नाव चुकलं त्याला त्याआधी स्वतः फोन करा. मूळ नोंदी दोन ठिकाणी ठेवा, फाइलच्या नावात तारीख, गाव आणि माणसाचं नाव घालून. महिन्या-दोन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो, 'आमच्या आण्णांचं बोलणं आहे का तुमच्याकडं?' त्या दिवशी ती फाइल दोन मिनिटांत सापडायला हवी, आणि पेन ड्राइव्हचे पैसे घ्यायचे नाहीत.